मल्हारीचे हात

परभणीत समुद्र बसवायचा म्हटल्यावर लोक हसणारच की! नळाला पाणी कधी येईल ह्याचा पत्ता न्हाई, अन् ह्या दोघांनी साड्यांच्या दुकानात समुद्र आणला. तो बी जित्ता! काचेची ही एवढी लांब टाकी, आत खारं पाणी, पाण्यात खडक, खडकावर कोरल. कोरल म्हंजे फुलासारखे उमलणारे जीव, हात लावला की मिटतात. अन् त्यांच्यामधून पळणारे दोन नारंगी मासे. बाया साड्या बघायच्या सोडून टाकीपुढं उभ्या ऱ्हायच्या, पदर तोंडाला लावून. लेकरं तर काच चाटायची, खरंच सांगतो.

हे दोघं म्हंजे राजेश्वर अन् मल्हारी. राजेश्वर ईश्वरअप्पाचं धाकटं पोरगं. पुढं दुकान, मागं घर, लिंगायताची जुनी आसामी, अप्पा गल्ल्यावर बसले की रस्त्यानं जाणारा माणूस आपसूक नमस्कार घालतो. मल्हारी पेडगावचा, धनगराचा, घरी मेंढरं. दोघं कॉलेजात एका बाकावर. पुढं पुण्याला एका माशांच्या दुकानात दोघं संगंच राबले, एका खोलीत ऱ्हायले, एका ताटात जेवले, अन् तिथंच हे खाऱ्या पाण्याचं येड घेऊन परत आले.

आता ठरलं काय व्हतं, की ही दुकानातली टाकी नमुन्याची. ती बघून जिंतूर रोडच्या हॉटेलवाल्या व्यंकटरावांनी आपल्या हॉटेलात हिच्या तिप्पट टाकी बसवायचं कबूल केलं व्हतं. अन् ती बसवायची मल्हारीनं, सांभाळायची बी मल्हारीनं. राजेश्वरला तर अप्पा दुकान सोडू देणार नव्हते. म्हंजे हॉटेल मल्हारीचं, पक्कं. मल्हारीनं घरी सांगून बी टाकलं, ह्या साली मेंढरामागं थोरला भागवतदादा एकटाच जाईल, मी न्हाई.

अन् मग शेवाळ आलं.

पहिल्यांदा एकाच दगडावर. हिरवं, बारीक, पोराला नुकतंच मिसरूड फुटावं तसं. दोघं हसले बी त्याला. मल्हारी म्हणाला, "राजा, टाकी वयात आली आपली." आठवड्यात त्या मिसरुडाची दाढी झाली. मग दुसऱ्या दगडावर, मग काचंवर, मग पाइपावर. पाण्यात हलायला लागलं की न्हाव्याच्या दुकानात झाडून गोळा केलेले केस हलावेत तसं दिसायचं. कोरल बिचारे त्याच्या खाली दबून मिटले ते उघडायचंच नाव घेईनात.

काय काय न्हाई केलं! टूथब्रशनं एकेक दगड घासला. लाइट बंद करून टाकीवर तीन दिवस काळी गोधडी टाकली, गिऱ्हाईक विचारायचे, कोणी वारलं का? माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं. पुण्याहून बसनं गोगलगाई मागवल्या. त्या बोटभर खायच्या, तवर तिकडं वीतभर वाढायचं. पाणी बदललं, पुन्हा बदललं. घासलं की दोन दिवस टाकी अशी चकचकीत, अन् आठव्या दिवशी पुन्हा दाढी.

दोघांनाबी एक गोष्ट माहीत व्हती. शेवाळ काय हवेवर वाढत न्हाई, त्याला खत लागतंय. फॉस्फेट म्हणतात ते. शेतात टाकतो ना आपण, त्याच जातीचं. ते पाण्यात कुठून तरी यायलंय, अन् ते जवर यायलंय तवर घासून घासून ब्रश झिजंल, शेवाळ न्हाई झिजायचं.

"पाणी तर आरोचंच, फिल्टरचंच आणतोस ना?" राजेश्वर विचारायचा.

"मग काय बोअरचं आणू?" मल्हारी म्हणायचा. "प्लँटवर रांगेत उभा ऱ्हातो रे सकाळी. गाडीवर मांडीत जार धरून आणतो म्हण की."

"न्हाई, विचारलं आपलं."

विचारलं आपलं. पण हे विचारणं रोजचं झालं. अन् रोज विचारलेला सवाल म्हंजे सवाल ऱ्हात न्हाई, तुमाला बी माहीत हाय.

घरात राजेश्वरची आई, भागम्मा. तिला पोराचं तोंड बघवंना. रोज सकाळी राजेश्वरची आंघोळ झाली की लिंगपूजा, मग विभूतीचे पट्टे, कपाळावर, दंडावर, मनगटावर. विभूती बी बाजारची न्हाई हां. भागम्मा गावाकडून देशी गाईचं शेण मागवायची, सोत्ता गोवऱ्या थापायची, जाळायची, वस्त्रगाळ करून डब्यात भरायची. अन् घरची रीत अशी की लावलेली विभूती धुवायची न्हाई, पुसायची न्हाई, जाईल तेव्हा आपोआप जाईल. तर भागम्मा म्हणाली, "टाकीला दृष्ट लागलीय रे बाळा. एवढ्या बाया बघतात, लागंल न्हाई तर काय. पूजा झाली की तसाच उठ, चिमूटभर पाण्यात सोड, अन् मग कामाला लाग."

"बरं अव्वा," राजेश्वर म्हणाला. आईला न्हाई कोण म्हणतंय? अन् खरं सांगायचं तर त्याला बी वाटायचं, काहीतरी लागू पडू दे बाबा.

शेवाळ अजूनच माजलं.

अन् नेमके त्याच आठवड्यात व्यंकटराव आले. न सांगता, सकाळीच. पांढरी सफारी, हातात गाडीची चावी, ती बोटावर फिरवत. दुकानात गिऱ्हाईक, नोकर, गल्ल्यावर अप्पा, अन् मल्हारी टाकीत कोपरापर्यंत हात घालून ब्रश मारायलेला. व्यंकटरावांनी टाकी बघितली. वाकून बघितली. मग म्हणाले,

"का रे राजेश्वर, हा समुद्र हाय का कुरण? पेडगावची मेंढरं आणून सोडा की आत. चरून तरी घेतील."

सगळं दुकान हसलं. नोकर हसले, साड्या बघणाऱ्या बाया हसल्या, अन् अप्पा, जे कधी हसत न्हाईत, ते बी गल्ल्यावरून फिस्सकन हसले. राजेश्वरला ते हसणं आपल्यावरच वाटलं. त्याला काहीतरी बोलायचं व्हतं, अन् लगेच बोलायचं व्हतं, अन् त्याच्या डोळ्यापुढं व्हते मल्हारीचे पाण्यातले हात.

"काका, ह्याला सांगून दमलो मी," तो म्हणाला. "सकाळी मेंढराच्या लेंड्या काढतो अन् तेच हात घेऊन येतो. तेच पाण्यात घालतो. खतच हाय ना ते? शेवाळ न्हाई वाढणार तर काय मोती पिकणार?"

आता हे कुठून निघालं त्याच्या तोंडातून, देव जाणे. कारण मल्हारी रोज आला की आधी मागच्या अंगणात नळावर जायचा. साबण कोपरापर्यंत. नखाला ब्रश. पुन्हा साबण. भागम्मा त्याला चिडवायची, "काय रे मल्हारी, ऑपरेशन करायलास का?" हे राजेश्वरनं सोत्ताच्या डोळ्यांनी रोज बघितलेलं. रोज!

मल्हारीनं हात बाहेर काढले. खारं पाणी फरशीवर टपाटपा पडायलं. तो राजेश्वरपुढं येऊन उभा ऱ्हायला अन् दोन्ही तळवे त्याच्या नाकापुढं धरले.

"वास घे."

"मल्ह्या, नाटक करू नको."

"नाटक न्हाई. वास घे. काकांच्या समोर घे, अप्पांच्या समोर घे."

राजेश्वरनं मान वळवली. बस, एवढंच केलं. वास घेतला असता तर साबणाचा आला असता, अन् आपण हे बोलतच बसलो नसतो.

"जाऊ द्या हो, जाऊ द्या," व्यंकटराव म्हणाले, अन् म्हणता म्हणता सफारीवर पाणी उडू नये म्हणून की कशानं, एक पाऊल मागं सरकले. "घरचा धंदा कुणाला सुटतोय? पण पोरा, आमच्याकडं लोक जेवायला येतात. मेंढरात राहून हे न्हाई जमायचं."

मल्हारीनं ब्रश टाकीच्या झाकणावर ठेवला. हळूच, आवाज न करता. बाहेर जाऊन गाडीला किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली न्हाई, दुसऱ्याला बी न्हाई. सगळं दुकान ते बघत व्हतं. तिसऱ्याला झाली.

राजेश्वरनं त्या दिवशी रागारागानं सगळी टाकी उपसली. एकूण एक दगड घासला, पाणी नवं भरलं. अन् दुसऱ्याच दिवशी चुलत बहिणीच्या लग्नाला सगळं घर बीदरला गेलं. अप्पा तेवढे दुकानात ऱ्हायले. त्यांना सांगून ठेवलं, सकाळी लाइट लावा, चिमूटभर खाणं टाका, हात लावू नका. लग्न झालं, पूजा झाली, पाहुणेरावळे झाले. आठ-दहा दिवसांनी राजेश्वर परत आला, पायातली चप्पल न काढता टाकीपुढं पळाला.

टाकी स्वच्छ! दगडावर एक केस न्हाई. अन् एक कोरल, जो महिनाभर मिटलेला व्हता, तो निम्मा उघडलेला!

"बघितलं का?" अप्पा म्हणाले. "तो गेला अन् घाण गेली."

आता राजेश्वरला काय, डोंगराएवढी तसल्ली मिळाली. म्हंजे आपण खोटं बोललोच न्हाई की! रागात बोललो, पण खरं निघालं. मग काय, जो भेटंल त्याला सांगायला लागला. चहाच्या टपरीवर सांगितलं, आपल्या कट्ट्यावर सांगितलं. अन् व्यंकटरावांना तर मुद्दाम फोन करून सांगितलं, "काका, मल्हारी गेला अन् शेवाळ गेलं." व्यंकटराव म्हणाले, "बरं झालं बाबा, वाचलो." अन् त्यांनी नांदेडचा एक माणूस बोलावून हॉटेलात टाकी बसवून बी टाकली.

अन् इकडं राजेश्वर रोज सकाळी, पूजा झाली की तसाच उठून, चिमूटभर सोडून, टाकीत हात घालायला लागला.

मिसरूड पुन्हा फुटलं. पुन्हा दाढी.

आता मल्हारी नव्हता. आता कुणाचे हात म्हणायचे?

राजेश्वर हट्टाला पेटला. तपासायचं किट मागवलं. त्यात काय असतंय, बारक्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, फॉस्फेट असलं तर पाणी निळं व्हतंय. जेवढं जास्त तेवढं गडद. त्यानं एकेक करून सगळं तपासलं. आरोचं पाणी, पांढरं. नवं मिठाचं पाणी, पांढरं. म्हंजे मल्हारी आणायचा ते पाणी खरंच आरोचं व्हतं. प्लँट तोच, जार तेच. टाकीचं पाणी मात्र निळंशार.

एक दिवस सकाळी पूजेवरून उठला, अन् म्हणाला, आरोचं पाणी अजून एकदा बघू. नळीला झाकण सापडंना, तर अंगठा दाबून नळी हलवली. पाणी निळं झालं.

त्यानं नळीकडं बघितलं. मग अंगठ्याकडं बघितलं. अंगठ्यावर राखाडी पूड.

नळी धुतली. हात धुतले, साबणानं. पुन्हा तेच पाणी, पुन्हा अंगठा. पांढरं.

मग त्यानं डब्यातली चिमूटभर विभूती आरोच्या पाण्यात टाकली अन् त्यातलं नळीभर घेतलं. थेंब पडले तसं ते इतकं निळं झालं, इतकं निळं झालं की शाईच म्हणा! नळी हातात घेऊन तो साड्यांच्या गठ्ठ्यावर बसला. बीदरला व्हता तेव्हा पाण्यात ना त्याचा हात गेला ना चिमूट. अन् आल्यावर पुन्हा रोज. चिमूट तर नंतरची, त्याच्या आधीपासून पट्ट्यांचे हे हात रोज पाण्यात जायचे. सगळं जुळलं. एवढं चोख जुळलं की पळायला जागाच ऱ्हायली न्हाई.

विभूतीचा काय दोष? ती कपाळाची, कपाळावर बरी व्हती. पाण्यात त्यानं घातली.

अप्पांना सांगितलं. अप्पांनी गल्ला बंद केला, आजूबाजूला बघितलं.

"कुणाला बोललास?"

"कुणालाच न्हाई."

"मग बोलू नको. तुझ्या अव्वानं सोत्ताच्या हातानं केलेली हाय ती. गावाला काय सांगणार, ईश्वरअप्पाच्या घरच्या विभूतीनं पाणी नासलं म्हणून? हात धू, कामाला लाग."

"अन् मल्हारी, अप्पा?"

"त्याला काय झालंय? मेंढरं हायत की त्याला."

राजेश्वर हात धुवायला लागला. चिमूट बंद केली, आईला म्हणाला, दृष्ट गेली अव्वा, आता न्हाई लागत. पाणी बदलत ऱ्हायला, दगड घासत ऱ्हायला. खडकात मुरलेलं खत लगेच थोडंच निघतंय, पण महिन्याभरात टाकी अशी झाली की दिवाळीतबी तेवढा उजेड पडत न्हाई. कोरल सगळे उघडले. नारंगी मासे त्यांच्यात लोळायचे. गिऱ्हाईक म्हणायचे, वा! अन् राजेश्वरला ते बघवायचं न्हाई. झाकणावर अजून मल्हारीचा ब्रश तसाच पडलेला.

शेवटी एका दुपारी निघाला पेडगावला.

पडीक रानात कातरणी चाललेली. मल्हारीनं मेंढरू मांडीखाली दाबलेलं, कात्री चालायलेली, हात लोकरीच्या तेलकटानं काळे झालेले. त्याची आई, केवळाबाई, राजेश्वरला बघून उठलीच.

"आगं बाई, राजा! लय दिवसानं रे. बस बाबा. ते हॉटेलाचं कधी चालू व्हायलंय मग? हा विचारलं की बोलतच न्हाई बघ."

म्हंजे मल्हारीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. केवळाबाई पाणी आणायला गेली तसा तो उकिडवा बसला अन् एका दमात सगळं बोलून गेला. विभूती, अंगठा, नळी, बीदर, सगळं. मल्हारीची कात्री थांबली न्हाई. मेंढराची एक कूस पुरी झाली, त्यानं ते उलटं केलं.

"म्हंजे शेणच निघालं म्हण की," तो म्हणाला. "फक्त मेंढराचं नव्हतं."

"मल्ह्या, चुकलं माझं. पाया पडतो."

"मला कामून सांगायलास? मी नव्हतो हे मला तवाबी माहीत व्हतं."

मल्हारीनं कात्रीत अडकलेली लोकर झटकली.

"ज्यांना ते सांगितलंस, त्यांना हे सांग. व्यंकटरावांना सांग. माझ्या भावकीतली पोरं मला 'लेंडी' म्हणून हाक मारायलेत, कुठून कळलं त्यांना? तुझ्याच कट्ट्यावरून. तिथं सांग."

"सांगतो. आजच सांगतो."

"सांग, अन् मग ये."

केवळाबाई तांब्या घेऊन आली. "चहा टाकते, थांब."

"त्याला घाई हाय, माय," मल्हारी म्हणाला.

राजेश्वर तसाच गाडीवर बसला अन् थेट जिंतूर रोडला. सगळ्या रस्त्यानं घोकत गेला, 'काका, चूक माझी व्हती, मल्हारीचे हात स्वच्छ व्हते.' एवढंच. लहान वाक्य हाय. गाडी लावताना पुन्हा एकदा म्हटलं, पायऱ्या चढताना पुन्हा.

व्यंकटराव काउंटरवरच व्हते. पाठीमागं ती मोठी टाकी. अन् टाकीत काय? हिरवीगार दाढी!

"आरं, तुझीच आठवण काढली!" व्यंकटरावांनी त्याला हाताला धरून बसवलं. "त्या नांदेडवाल्यानं वाट लावली बघ. नळाचंच पाणी ओततो लेकाचा. कालच हाकलला. तुझ्या दुकानातली टाकी बघितली परवा, काय दिसायलीय! तूच ये बाबा. अप्पांशी बोललो मी, ते हो म्हणाले. सकाळचं थोडं येऊन जात जा."

"काका," राजेश्वर म्हणाला, "ते मल्हारीचं…"

"कोण मल्हारी?"

"आपला… पेडगावचा."

"हां हां, तो मेंढरावाला!" व्यंकटराव मोठ्यांदा हसले. काउंटरचा पोरगा बी हसला. "गड्या, तू वेळेवर सांगितलंस म्हणून वाचलो. न्हाईतर इथं लेंड्या तरंगल्या असत्या. त्याचं काय?"

वाक्य तोंडात व्हतं. खरंच व्हतं, जिभेवर व्हतं. पण हसणं अजून थांबलं नव्हतं, अन् त्या हसण्यात राजेश्वरला पुढचं हसणं ऐकू आलं. अप्पाच्या घरची विभूती. गोवऱ्या थापणारी अव्वा. कट्ट्यावर आपल्याला काय नाव पडंल ते.

"काही न्हाई," तो म्हणाला. "भेटला व्हता, बरा हाय म्हणाला."

"मग? येतोस ना?"

"येतो."

"आत्ताच बघ की जरा, आलायस तर."

राजेश्वर उठला. "हात धुवायला कुठं हाय काका?"

बेसिनवर त्यानं बाह्या वर सारल्या. साबण कोपरापर्यंत. नखं. पुन्हा साबण. मनगटावरचे सकाळचे पट्टे विरघळून खाली गेले. व्यंकटराव पाठीमागून बघत व्हते.

"आरं, ती विभूती कामून धुवायलास? ऱ्हाऊ दे की. तुमच्या घरच्या हाताला काय लागायलंय?"

"सवय हाय काका," राजेश्वर म्हणाला.

मग त्यानं पाण्यात हात घातले, अन् शेवाळाचा पहिला पुंजका मुळासकट उपटला. त्याच्या हाताचा वास कुणी घेतला न्हाई. कुणाला गरजच वाटली न्हाई.